जुनी अमेरिकन पेटंटं शोधायची कशी आणि वाचायची कशी: नांगर, मोटार आणि टेलिफोनच्या वेड्यांसाठी

मोटारीच्या काचेवर फिरणाऱ्या वायपरचं मूळ पेटंट बघायचं म्हणून मी पहिल्यांदा गूगल पेटंट्स उघडलं. 'विंडशील्ड वायपर' टाइप केलं, १९१० च्या आधीची तारीख घातली, आणि जे हवं होतं ते सोडून बाकी सगळं आलं. तासभर डोकं खाजवल्यावर कळलं की अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या मेरी अँडरसन यांच्या त्या पेटंटचं शीर्षक आहे 'विंडो क्लीनिंग डिव्हाइस'. खिडकी पुसायचं साधन! शीर्षकात ना वायपर, ना विंडशील्ड, ना मोटार. १९०३ साली त्यांच्या डोळ्यांसमोर होती ती बर्फात अडकलेली ट्राम आणि काच पुसता पुसता वैतागलेला तिचा चालक.

जुन्या पेटंटांत नव्याने शिरणारा प्रत्येक जण इथेच ठेचकाळतो. आपण आजच्या नावाने हाक मारतो आणि कागद त्याच्या काळातल्या नावाने बसलेला असतो. पुढचं सगळं या एका अडचणीतून वाट काढण्याबद्दल आहे. मी १९०० ते १९२० या काळातली अमेरिकन पेटंटं धरून चालले आहे, कारण शेती, वाहनं आणि टेलिफोन या तिन्हींत तेव्हा नुसती झुंबड उडाली होती. शिवाय ती सगळी घरबसल्या फुकट वाचता येतात.

हातात काय आहे ते आधी बघा

सुरुवात चार ठिकाणांहून होऊ शकते: क्रमांक, तारीख, माणसाचं नाव, किंवा नुसती वस्तू. क्रमांक असेल तर निम्मं काम झालंच. अमेरिकेत १८३६ पासून एकच ओळीने क्रमांक चालू आहेत, त्यामुळे क्रमांकावरून साल काढता येतं. वहीच्या पहिल्या पानावर हे आकडे लिहून ठेवा. हे त्या त्या वर्षाचे पहिले क्रमांक:

१९०० – ६४०१६७
१९०३ – ७१७५२१
१९०४ – ७४८५६७
१९०५ – ७७८८३४
१९०८ – ८७५६७९
१९१० – ९४५०१०
१९१२ – १०१३०९५
१९१५ – ११२३२१२
१९२० – १३२६८९९

१९०४ च्या आकड्यातून १९०३ चा वजा करा: ३१,०४६. एका वर्षात एवढी पेटंटं, म्हणजे आठवड्याला सुमारे ६००. दहा लाखावं पेटंट ८ ऑगस्ट १९११ ला निघालं आणि ते होतं ओहायोतल्या ॲक्रनच्या फ्रान्सिस होल्टन यांच्या टायरचं. ॲक्रन म्हणजे रबराच्या कारखान्यांचं गाव, तेव्हा यात नवल काही नाही.

क्रमांक नसला आणि वस्तू हातात असली तर तिच्यावर तारीख शोधा. १९२७ पर्यंत अमेरिकन कारखानदार वस्तूवर बहुधा क्रमांक न घालता पेटंटची तारीख घालत; क्रमांक घालायची सक्ती त्या वर्षीच्या कायद्याने आली. म्हणून जुन्या ओतीव लोखंडावर 'पॅट.' आणि पुढे महिना, दिवस, साल असं दिसतं. महिना आधी असतो, हे विसरू नका.

एका मित्राच्या गावच्या वाड्यात मक्याचे दाणे काढायचं हाताने फिरवायचं यंत्र पडलं होतं. अक्षरं गंज आणि रंगाच्या थरांखाली गेलेली. तारेच्या ब्रशने घासण्याचा मोह आवरा, कारण त्याने उठावाच्या कडा झिजतात. आम्ही ओल्या फडक्याने पुसून, वाळवून त्यावर तांदळाची पिठी चोळली आणि मोबाइलचा टॉर्च बाजूने, अगदी आडवा धरला. वाचलं: नोव्हेंबर ११, ०३. त्या तारखेला काहीच सापडेना. मग लक्षात आलं.

मंगळवारची कसोटी

त्या काळी अमेरिकन पेटंटं फक्त मंगळवारी निघत. आजही तशीच निघतात. ११ नोव्हेंबर १९०३ हा बुधवार होता. पुन्हा पिठी चोळली, तर दुसरा आकडा १ नसून ७ होता. १७ नोव्हेंबर, मंगळवार. त्या आठवड्याच्या यादीत यंत्र पाच मिनिटांत मिळालं.

ही कसोटी तुमच्या खिशात कायम असू द्या. लेखात, पोस्टमध्ये किंवा लिलावाच्या जाहिरातीत पेटंटची म्हणून दिलेली तारीख मंगळवारची नसेल, तर बहुतेक वेळा ती अर्ज केल्याची तारीख असते, नाहीतर कुणीतरी आकडा चुकवलेला असतो. बहुतेक कॅलेंडर ॲप १९०० पर्यंत मागे जातात. अँडरसन यांचं १० नोव्हेंबर १९०३ तपासा. बेंजामिन होल्ट यांच्या पट्ट्यांवर चालणाऱ्या ट्रॅक्टरचं १७ डिसेंबर १९०७ तपासा. दोन्ही मंगळवार.

एकाच वस्तूवर चार-पाच तारखा असल्या तर घाबरू नका. एका यंत्रात वेगवेगळ्या भागांची वेगवेगळी पेटंटं असत. वस्तू सर्वात शेवटच्या तारखेच्या नंतर बनली आहे एवढं मात्र नक्की धरा.

कागद उघडणं

गूगल पेटंट्सच्या चौकटीत यू आणि एस ही इंग्रजी अक्षरं आणि लगेच क्रमांक, मध्ये जागा नाही, स्वल्पविराम नाही, अंक इंग्रजी. एवढंच. उघडलेल्या पानावर डावीकडचा मजकूर यंत्राने चित्रावरून वाचलेला असतो, आणि तो कधी कधी हास्यास्पद असतो. शोधकाच्या नावाच्या जागी गावाचं नाव, शीर्षकाच्या जागी अर्धवट शब्द, ओळीच्या शेवटी तुटलेला 'टेलि' आणि पुढच्या ओळीत 'फोन'. म्हणून पहिलं काम म्हणजे पीडीएफ उतरवून घेणं. खरा कागद तो.

तारखेची गाळणी लावताना 'प्रायॉरिटी' ऐवजी 'पब्लिकेशन' निवडा. जुन्या पेटंटांच्या अर्जाच्या तारखा तिथे कधी गळालेल्या, कधी चुकलेल्या असतात. निघाल्याची तारीख सहसा बरोबर असते.

युरोपियन पेटंट ऑफिसचं एस्पेसनेटही चालतं, आणि अवजारं-यंत्रांपुरतं बोलायचं तर हौशी मंडळींनी बांधलेला डेटॅम्प नावाचा संग्रह आहे. तिथे माणसांनी हाताने नावं आणि प्रकार भरलेले असल्यामुळे गूगलवर हुकलेलं पुष्कळ सापडतं. आठवड्याची यादी हवी असेल तर पेटंट ऑफिसचं 'ऑफिशियल गॅझेट' आणि दर वर्षाची नावांची सूची हाथीट्रस्ट या ऑनलाइन ग्रंथालयात स्कॅन केलेली आहे.

पहिलं पान नीट बघा

१९०३ च्या सुमाराचा कागद उघडला की आधी चित्रांची पानं येतात, मग दोन रकान्यांत छापलेला मजकूर. चित्राच्या डोक्यावर क्रमांक, निघाल्याची तारीख, आडनाव, शीर्षक, अर्जाची तारीख, आणि बरेचदा 'नो मॉडेल' असे दोन शब्द. हे शब्द बघून नवखा माणूस गोंधळतो. पूर्वी अर्जासोबत लाकडी किंवा पितळी प्रतिकृती द्यावी लागे; १८८० नंतर ती सरसकट मागायचं बंद झालं. प्रतिकृती दिलेली नाही, एवढाच त्या शब्दांचा अर्थ. यंत्र बनलंच नव्हतं असा अर्थ काढू नका. (बनलं होतं असाही नाही.)

चित्राच्या तळाशी साक्षीदारांच्या सह्या, शोधकाचं नाव आणि वकिलाचं नाव. वकिलाचं नाव टिपून ठेवा. एकाच वकिलाची भाषा सगळ्या अर्जांत सारखी असते, आणि दोन-चार वाचली की शोधकाचे शब्द कुठले आणि वकिलाचे कुठले हे कळायला लागतं.

मजकुराची पहिली ओळ ठरलेली: अमुक, राहणार अमुक गाव, अमुक राज्य. इथे 'असाइनर' हा शब्द आला तर थांबा. म्हणजे शोधकाने हक्क दुसऱ्याच्या नावे करून दिलेत. सगळे एखाद्या कंपनीच्या नावे असतील तर तो बहुधा पगारी माणूस. अर्धे एखाद्या व्यक्तीच्या नावे असतील तर तो कधी भागीदार, कधी पैसे घालणारा शेजारी. जगदीशचंद्र बोस यांचं २९ मार्च १९०४ चं पेटंट, क्रमांक ७५५८४०, उघडून बघा: अर्धे हक्क केंब्रिज, मॅसॅच्युसेट्सच्या सारा चॅपमन बुल यांच्या नावे. शीर्षक 'विद्युत क्षोभ टिपणारं साधन' अशा अर्थाचं. रेडिओ किंवा वायरलेस असलं काही शोधून ते सापडणार नाही.

पैशांचा अंदाज असावा म्हणून सांगते. अर्जाला १५ डॉलर आणि पेटंट निघताना २० डॉलर, असे सरकारी ३५. १९१४ साली हेन्री फोर्डने दिवसाला ५ डॉलर मजुरी जाहीर केली तेव्हा जगभर गाजावाजा झाला. त्या मजुरीनेही हे सात दिवसांचे पैसे. वकिलाचं बिल वेगळं. एखाद्या खेड्यातल्या शेतकऱ्याने मका सोलायच्या हातमोज्याचं पेटंट घेतलेलं दिसलं की मला आधी हा हिशोब आठवतो.

वाचायचा क्रम: चित्र, मग शेवट, मग मधलं

सुरुवातीपासून वाचत गेलात तर तिसऱ्या परिच्छेदात झोप लागेल. आधी चित्र घ्या. ही चित्रं काळ्या शाईने, ठरलेल्या आकाराच्या कागदावर, ठरलेल्या नियमांनी काढलेली असत. त्यातला एक नियम वाचणाऱ्याच्या फार कामाचा आहे: उजेड वरच्या डाव्या कोपऱ्यातून तिरका येतो असं धरायचं. त्यामुळे पुढे आलेल्या भागाची उजवी आणि खालची रेघ जाड असते. भोकाच्या बाबतीत उलटं: तिथे जाड रेघ वर आणि डावीकडे. हे एकदा डोळ्यांत बसलं की सपाट कागदावरचा दट्ट्या कुठे वर आलाय आणि खाच कुठे आत गेलीय ते आपोआप दिसतं. तिरक्या बारीक रेघांनी भरलेला भाग म्हणजे कापून दाखवलेला.

प्रत्येक भागाला आकडा किंवा अक्षर असतं. पीडीएफ छापून घ्या, आणि मजकुरात जो आकडा येईल तो चित्रावर रंगीत पेन्सिलीने गोल करा. मी आजही हेच करते. पडद्यावर वर-खाली करत बसण्यापेक्षा अर्धा वेळ लागतो.

अँडरसन यांच्या चित्रात हे सोपं आहे. आत चालकाच्या हाताशी एक मूठ, चौकटीतून आरपार गेलेला आस, बाहेर रबराची पट्टी लावलेला हात, आणि पट्टी काचेला टेकून राहावी म्हणून वजन. मूठ हलवली की बाहेर हात फिरतो. उन्हाळ्यात सगळं काढून ठेवता यावं अशीही सोय. आजचा वायपर त्यातून ओळखू येतो, फक्त मोटर नाही.

चित्र समजलं की थेट शेवटी जा. 'माझा शोध असा सांगून झाल्यावर मी दावा करतो तो असा' अशा अर्थाचं वाक्य येतं आणि खाली क्रमांकाने दावे असतात. कायद्याने हक्क मिळतो तो फक्त या दाव्यांवर. वर वर्णनात शोधकाने कितीही गोष्टी सांगितल्या तरी दाव्यात नाही ते त्याचं नाही.

दावे वाचायची गुरुकिल्ली एकच. दाव्यात सांगितलेले सगळे भाग समोरच्याच्या यंत्रात असतील तरच त्याने आपला हक्क मोडला. म्हणून दावा जितका लांब, तितका हक्क अरुंद. पाच भागांचा दावा चुकवायला समोरच्याने एक भाग गाळला की पुरे. लांबलचक दावा बघून 'बापरे, केवढा मोठा शोध' असं वाटतं, आणि असतं नेमकं उलट.

सेल्डनची गोष्ट, आणि दोन तारखांमधलं अंतर

हे किती महागात पडतं ते मोटारीच्या इतिहासातल्या सर्वात बदनाम पेटंटमध्ये दिसतं. रोचेस्टरचा जॉर्ज सेल्डन स्वतःच पेटंट वकील. त्याने अर्ज केला ८ मे १८७९ ला, पेटंट निघालं ५ नोव्हेंबर १८९५ ला. क्रमांक ५४९१६०, शीर्षक 'रोड एंजिन'. मध्ये १६ वर्षं! दुरुस्त्या करत करत त्याने अर्ज जिवंत ठेवला. कारण साधं होतं. तेव्हा पेटंटची १७ वर्षं निघाल्याच्या दिवसापासून मोजत. १८७९ मध्ये मोटारी कुठे होत्या पैसे द्यायला?

पुढे मोटार कंपन्यांचा एक संघ त्या पेटंटच्या जोरावर प्रत्येक गाडीमागे रक्कम वसूल करू लागला. फोर्डने नकार दिला. १९०९ मध्ये तो खटला हरला, आणि जानेवारी १९११ मध्ये अपिलात जिंकला. अपील कोर्टाने पेटंट रद्द केलं नाही; उलट ते वैध आहे असंच म्हटलं. पण सेल्डनच्या दाव्यातलं इंजिन ब्रेटन पद्धतीचं (इंधन सावकाश जळत राहणारं) आहे आणि फोर्डच्या गाड्यांत ऑटो पद्धतीचं (इंधन एकदम भडकणारं), तेव्हा हक्क मोडलेला नाही, असा निकाल. गाडी, चाक, सुकाणू, क्लच सगळं दाव्यात होतं. एका भागावर सगळं निसटलं.

म्हणून वहीत प्रत्येक पेटंटसमोर दोन्ही तारखा लिहा. अंतर एक-दोन वर्षांचं असेल तर विशेष काही नाही. पाच-सात वर्षांचं असेल तर आत काहीतरी भांडण किंवा डावपेच आहे असं समजून खणायला घ्या. आणि निघाल्याच्या तारखेत १७ मिळवून हक्क संपल्याचं सालही लिहा. टेलिफोनच्या बाबतीत हे साल सगळ्यात महत्त्वाचं ठरतं. बेलचं मुख्य पेटंट ७ मार्च १८७६ चं, म्हणजे १८९३ मध्ये संपलं, आणि दुसरं महत्त्वाचं पेटंट १८९४ मध्ये. त्यानंतर छोट्या कंपन्या आणि शेतकऱ्यांच्या सामाईक लाइनी गावोगाव निघाल्या. पश्चिमेकडे तर शेताच्या काटेरी तारेच्या कुंपणावरूनच फोन चालवले गेले. १९०० नंतरच्या टेलिफोन पेटंटांत एका तारेवरच्या दहा घरांपैकी नेमकी एकच घंटी वाजवायची कशी, किंवा शेजारणीने चोरून ऐकू नये म्हणून काय करायचं, असले शोध इतके का, याचं उत्तर या दोन सालांत आहे.

(त्या मुख्य पेटंटचं शीर्षक? 'टेलिग्राफीतली सुधारणा'. टेलिफोन हा शब्द शीर्षकात नाहीच.)

त्या काळचे शब्द

आता मूळ दुखणं. शोधताना आजचा शब्द बाजूला ठेवा आणि खालचे वापरून बघा.

शेतीत ट्रॅक्टरला 'ट्रॅक्शन एंजिन'. होल्ट यांचं क्रमांक ८७४००८ याच शीर्षकाचं आहे. मळणी यंत्राला 'थ्रॅशिंग मशीन', आणि इथे स्पेलिंग जपा: पेटंट ऑफिस ई ऐवजी ए लिहीत असे, त्यामुळे आजच्या थ्रेशरच्या स्पेलिंगने शोधलंत तर निम्मी मळणी यंत्रं हरवतात. नांगराला अमेरिकन 'प्लाउ', शेवटी डब्ल्यू. ब्रिटिश स्पेलिंग चालत नाही. 'हॅरो' म्हणजे आपला कुळव, पण 'कल्टिव्हेटर' म्हणजे कुळव नव्हे, ते काम कोळप्याच्या जवळचं आहे: उभ्या पिकाच्या ओळींतून तण काढत जाणं. मराठीत लिहिताना ही गल्लत मी स्वतः केली आहे. 'सीडर' किंवा 'ग्रेन ड्रिल' म्हणजे पाभर. 'फीड कटर' म्हणजे कडबाकुट्टी.

वाहनांत 'मोटर व्हेईकल', 'सेल्फ प्रोपेल्ड व्हेईकल', 'रोड लोकोमोटिव्ह'. सेल्फ स्टार्टरला 'एंजिन स्टार्टिंग डिव्हाइस'. चार्ल्स केटरिंग यांचं १७ ऑगस्ट १९१५ चं, क्रमांक ११५०५२३, असंच सापडतं. हँडल मारताना हात मोडायची पाळी ज्याने संपवली तो हाच शोध, आणि पेटंट निघायच्या आधीच, १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये, तो बसलाही होता.

टेलिफोनमध्ये बोलायच्या बाजूला 'ट्रान्समिटर', कानाच्या बाजूला 'रिसीव्हर', डायलला 'कॉलिंग डिव्हाइस'. ज्याला आपण स्वयंचलित एक्स्चेंज म्हणतो ते कॅन्सस सिटीच्या अंत्यविधीचं सामान पुरवणाऱ्या आल्मन स्ट्राउजर यांच्या १८९१ च्या पेटंटपासून पुढे शोधा.

शब्दांनी दमलात तर वर्गांकाकडे या. प्रत्येक पेटंटला आज एक वर्ग लावलेला आहे, आणि तो १९०३ च्या कागदालाही मागून लावला आहे. ए०१बी म्हणजे मशागत, ए०१सी पेरणी, ए०१डी कापणी, ए०१एफ मळणी, ए०१जे दूधदुभतं. बी६०एस मध्ये गाडीची साफसफाई, बी६२डी मध्ये मोटार-ट्रॅक्टरची सांगाडा-पट्टे मंडळी, एफ०२एन इंजिन चालू करणं, एच०४एम टेलिफोन, एच०४क्यू एक्स्चेंजमधली जोडणी. (टाइप करताना अक्षरं इंग्रजीच.) युक्ती अशी: हव्या त्या प्रकारचं एक पेटंट कसंही करून मिळवा, त्याच्या पानावरचा वर्ग उचला, तारखेची गाळणी लावा, आणि फक्त चित्रं बघत सुटा. शब्द लागतच नाहीत. रविवारची दुपार कशी गेली ते कळत नाही, एवढा इशारा देऊन ठेवते.

मागे जाण्याची एक वाट मात्र बंद आहे. आजच्या पेटंटांवर आधीच्या कामांचे दाखले छापलेले असतात, ते सुरू झाले १९४७ पासून. होल्टच्या कागदावर मेनमधल्या आल्व्हिन लोंबार्ड यांचा उल्लेख शोधू नका. जंगलातले ओंडके ओढायच्या त्यांच्या पट्टेवाल्या इंजिनाचं पेटंट २१ मे १९०१ चं आहे, क्रमांक ६७४७३७, आणि ते वर्गावरून किंवा नावावरूनच गाठावं लागतं.

एक पेटंट, तिन्ही विषय

सरावाला एकच कागद घ्यायचा तर क्रमांक ८८७३५७ घ्या. १२ मे १९०८, 'वायरलेस टेलिफोन', शोधक केंटकीतल्या मरी गावचे नेथन स्टबलफील्ड. पेशाने शेतकरी, कलिंगडं-खरबुजं पिकवणारा. चित्रात रस्त्यावरचं वाहन, आगगाडी आणि बोट. १९०८ साली चालत्या गाडीतून बिनतारी फोन! व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या 'मोबाइलचा खरा जनक' छापाच्या मजकुरांचं हे आवडतं चित्र.

आता वर सांगितल्यासारखं वाचा. मजकूर म्हणतो, चालत्या वाहनांतून वाटेवरच्या ठाण्यांशी बोलता यावं म्हणून हे साधन. चित्रात आकडे गोल करत जा: वाहनावर तारेचं मोठं वेटोळं आहे, आणि रस्त्याच्या कडेनेही तार गेली आहे. म्हणजे बिनतारी कसलं? तार आहेच, फक्त गाडीला जोडलेली नाही. एका वेटोळ्यातला प्रवाह आवाजाबरोबर कमी-जास्त होतो आणि त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे जवळच्या वेटोळ्यात तसाच प्रवाह उमटतो. जवळच्या, हा शब्द महत्त्वाचा. रस्ता सोडून शेतात गाडी घातली की फोन बंद. रेडिओ लहरींचा इथे संबंध नाही.

याने स्टबलफील्ड लहान होत नाहीत. १९०२ मध्ये त्यांनी मरीमध्ये आणि मग वॉशिंग्टनजवळ पोटोमॅक नदीवर बोटीतून लोकांसमोर बोलून दाखवलं होतं, आणि ती पद्धत तर वेगळीच होती, जमिनीत सळया रोवून. दोन पद्धती, एक पेटंट. १९०२ च्या प्रात्यक्षिकाचं वर्णन आणि १९०८ चं चित्र एकाच परिच्छेदात कालवून टाकलेले लेख ढीगभर सापडतील. तारखा वहीत असल्या की तुम्ही तसं करणार नाही.

पेटंट निघालं म्हणजे वस्तू विकली गेली का?

नाही. बहुतेक वेळा काहीच झालं नाही. अँडरसन यांनी एका कॅनेडियन कंपनीला पत्र लिहिलं, कंपनीने व्यापारी किंमत नाही म्हणून परत पाठवलं, आणि १९२० मध्ये १७ वर्षं संपली.

वस्तू बनली का हे बघायला कागदाबाहेर जावं लागतं. इंटरनेट आर्काइव्हवर अवजार कंपन्यांचे कॅटलॉग आहेत. अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयाच्या 'क्रॉनिकलिंग अमेरिका' संग्रहात त्या काळची गावोगावची वर्तमानपत्रं आहेत. शोधकाचं आडनाव आणि गाव टाकलंत की 'आमच्या गावच्या अमुकने यंत्र केलं' अशी चार ओळींची बातमी मिळून जाते, आणि ती पेटंटपेक्षा जास्त सांगते. शेजारी काय म्हणाले, यंत्र पावसात चाललं का, असलं काहीबाही.

आणखी एक गैरसमज आपल्याकडे फार आहे. अमेरिकन पेटंटचा हक्क अमेरिकेपुरताच. हिंदुस्थानात तो चालत नसे. इथे हक्क हवा तर इथल्या कायद्याखाली वेगळा अर्ज. तेव्हा 'अमुक अमेरिकन यंत्र इथे कुणी बनवलं म्हणजे चोरी' असं लिहिण्याआधी इथलं पेटंट होतं का ते बघा.

टिपण आणि वापर

एका पेटंटला वहीचं एक पान. क्रमांक, दोन्ही तारखा, हक्क संपल्याचं साल, शोधक आणि गाव, हक्क कुणाच्या नावे, वकील, वर्ग, पहिल्या दाव्यातले भाग मोजून, आणि एका वाक्यात आपल्या शब्दांत 'हे काय करतं'. हे शेवटचं वाक्य लिहिता आलं नाही तर कागद अजून समजलेला नाही. पुन्हा चित्राकडे जा.

ही चित्रं आणि मजकूर आता कुणाच्याही मालकीचे नाहीत. लेखात, शाळेच्या प्रकल्पात, भिंतीवर मोठं करून लावायला बिनधास्त वापरा, फक्त क्रमांक खाली लिहा म्हणजे दुसऱ्याला मूळ गाठता येईल.

गृहपाठ म्हणून मुंबईत जन्मलेले शंकर आबाजी भिसे शोधा. छपाईचे टाइप ओतायच्या यंत्रांवर त्यांनी आयुष्य घालवलं, आधी लंडनमध्ये, मग न्यूयॉर्कमध्ये, आणि तिथेच १९३५ मध्ये वारले. आडनाव आपण लिहू तसं इंग्रजीत टाकलंत तर सापडणं कठीण. ते स्वतः शेवटी वाय लावत. तेही हुकलं तर नाव सोडा, टाइप ओतण्याचा वर्ग धरा, आणि चित्रं बघत सुटा.